दोघांची फ्लोटर पॉलिसी: हॉस्पिटलात उपयोगी, घरी आल्यावर काय?

ज्येष्ठ नागरिकांची आरोग्य विमा पॉलिसी, नवरा-बायकोची मिळून एकच (यालाच फ्लोटर म्हणतात), पाच लाखांची. नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतली, आजही चालू आहे. कंपनी खासगी. नाव मुद्दाम देत नाही, कारण यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या अशा पॉलिसीला लागू पडतं आणि घेणाऱ्यानं नावापेक्षा कलमं वाचावीत असं मला मनापासून वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. पॉलिसी घ्यावी, आणि परवडत असेल तोवर सोडू नये. पण ती घेतली म्हणजे म्हातारपणाच्या आजारपणाची सोय लागली, या भरवशावर राहू नये. आजाराचे थोडेच दिवस हॉस्पिटलात जातात. पुढची महिने-वर्षं घरात काढायची असतात, तिथं नवराच बायकोचं करतो नाहीतर बायको नवऱ्याचं करते, आणि त्या कामाला पॉलिसीत एक रुपयाची जागा नाही.

मी साखर कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झालो. राहायला सांगलीत, विश्रामबागेत. वय ७३, हिचं ६८. लेक-जावई पुण्याला. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली तुटपुंजी, घर त्यावर चालत नाही. ठेवींचं व्याज आणि लेकीची मदत आहे म्हणून भागतं. हे एवढ्यासाठी सांगितलं की प्रीमियमचा विषय पुढं येईल तेव्हा कुठल्या खिशातून पैसे जातात ते कळावं.

जानेवारी २०२५ मध्ये हिला पक्षाघाताचा झटका आला. सकाळी चहा पिताना तोंड वाकडं झालं आणि डावा हात खाली पडला तो उचलेना. वरच्या मजल्यावरचा मुलगा शहाणा, त्यानं डॉक्टरला फोन लावण्यात वेळ घालवला नाही. थेट गाडी काढली आणि मिरजेला नेलं. आपण सांगली-मिरजेचे लोक या बाबतीत नशीबवान आहोत. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव-विजापूरकडून लोक इथं येतात, आणि आम्ही विश्रामबागेतून पंधरा-वीस मिनिटांत पोचतो. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं असेल तर ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. आम्ही वेळेत होतो. इंजेक्शन मिळालं. ही आज बोलते, धरून चार पावलं टाकते, ते त्या सकाळच्या धावपळीमुळं.

आता पॉलिसीचं. कॅशलेससाठी, म्हणजे कंपनीनं बिल परस्पर हॉस्पिटलला भरावं यासाठी, हॉस्पिटल कंपनीच्या यादीत असावं लागतं. मी आधीच मिरज-सांगलीतल्या यादीतल्या हॉस्पिटलांची नावं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. तातडीनं दाखल केलं तर २४ तासांच्या आत कंपनीला कळवायचं असतं. फोन मी केला, पण इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलीनं कार्डाचा फोटो आणि दोघांची आधार कार्डं मागून बाकीचं सगळं स्वतः केलं.

संध्याकाळी कंपनीकडून प्रश्न आला: पेशंटला ब्लडप्रेशर कधीपासून? इथं आमच्या एजंटाचे आभार मानायला पाहिजेत. फॉर्म भरताना त्यांनी हिला समोर बसवून विचारलं होतं, "वैनी, कुठली गोळी चालू आहे का? असेल तर नाव सांगा, लपवायचं काही नाही." हिची बी.पी.ची गोळी, कधीपासून, कुठल्या डॉक्टरांची, सगळं त्यांनी फॉर्मवर लिहिलं. त्यापायी प्रीमियम थोडा चढला आणि आधीच्या आजारांसाठी दोन वर्षं थांबायची अट लागली. ती दोन वर्षं २०२३ मध्येच संपली होती. फॉर्मची प्रत डेस्कवर दिली आणि मंजुरी आली. आमच्याच वॉर्डात कडेगावकडचे एक गृहस्थ होते, त्यांच्या फॉर्मवर शुगरचा उल्लेखच नव्हता. त्यांचा मुलगा रोज डेस्कपाशी उभा दिसायचा.

खोलीचं भाडं ही या पॉलिसींमधली सगळ्यात महत्त्वाची मेख. आमच्याकडे दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा. आयसीयूतून बाहेर आल्यावर सिस्टरनं विचारलं, डीलक्स देऊ का? मी ४,००० ची सेमी-प्रायव्हेट घेतली. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर वगैरे खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढणारे आकारही त्याच प्रमाणात कापले जातात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही, असा विमा नियामकाचा म्हणजे आयआरडीएआयचा २०२० चा नियम आहे, आणि कोणी लावली तर तो दाखवायचा. पण मुळात मर्यादेत राहणंच बरं.

बिल झालं २,८६,४०० रुपये. त्यातले १८,४०० 'नॉन-पेएबल', म्हणजे कंपनी देत नाही अशा गोष्टींचे, म्हणून बाजूला. राहिलेल्या २,६८,००० वर आमचा को-पे (आपण भरायचा वाटा) २० टक्के, म्हणजे ५३,६००. कंपनीनं दिले २,१४,४००, आमच्या खिशातून गेले ७२,०००. हिशेब चोख होता, मी तो दोनदा तपासला. अकाउंट्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं समाधान पुष्कळ. को-पे नसलेली पॉलिसीही मिळते, प्रीमियम जास्त पडतो. आम्हाला २०२१ मध्ये तो झेपला नसता.

त्या नॉन-पेएबलच्या यादीकडे मात्र नीट बघा. डायपर, एअर बेड, वॉकर, अटेंडंटचे पैसे. पक्षाघाताच्या पेशंटला जे जे लागतं ते बरोबर त्याच यादीत. ही यादी कंपनीनं मनानं केलेली नाही, नियामकानंच ठरवून दिलेली आहे. हल्ली जादा पैसे भरून यातल्या काही वस्तूंना संरक्षण देणारं रायडर मिळतं, तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

डिस्चार्जचा दिवस वाईट गेला. डॉक्टरांनी सकाळी राउंडला सांगितलं, आज घरी. फाइल बिलिंगला गेली, तिथून कंपनीकडे गेली, आणि ही खुर्चीत बसून. नुकतीच पक्षाघातातून उठलेली बाई खुर्चीत किती वेळ बसणार? पुन्हा पलंगावर झोपवली, पुन्हा कपडे बदलले. मंजुरी यायला रात्रीचे आठ वाजले. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय: दाखल होतानाच्या कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी हॉस्पिटलची विनंती आल्यापासून तीन तासांत. उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलनं जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीनं स्वतःच्या भागधारकांच्या पैशातून द्यायचे. मी परिपत्रकाचा तो भाग मोबाइलवर डेस्कला दाखवला. मग ठेवून घेतलेल्या खोलीचं एका दिवसाचं भाडं आमच्यावर पडलं नाही. पण वेळ गेला तो गेला. या बाबतीत कंपनीला मी कमी गुण देतो.

घरी आल्यावर खरं सुरू झालं.

हॉस्पिटलनंतरचे ६० दिवस आमच्या पॉलिसीत धरलेले आहेत: औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी. डिस्चार्ज कार्डावर 'घरी फिजिओथेरपी' हे शब्द लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगितलेलं चालत नाही. आमच्या फिजिओथेरपीच्या ताई घरी येऊन ४०० रुपये घ्यायच्या, सहीशिक्क्याची पावती द्यायच्या. पहिल्या महिन्याचे पैसे को-पे वजा जाता मिळाले. दुसऱ्या महिन्याचे कंपनीनं 'गरज सिद्ध होत नाही' म्हणून नाकारले. मी तक्रार विभागाला पत्र पाठवलं, सोबत न्यूरोफिजिशियनची चिठ्ठी जोडली. उत्तर समाधानकारक आलं नाही, म्हणून नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली. लेकीनं पुण्याहून टाकली, पण घरबसल्या जमतं, आणि १५५२५५ हा फोन नंबरही आहे. पैसे आले. त्याच्यावर गेलो असतो तर विमा लोकपाल. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट बघावी लागते.

ताईंनी मला जे शिकवलं ते लिहितो, कारण कुठल्याही कंपनीनं याची किंमत केलेली नाही. पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला ठेवायची, हिच्या बाबतीत उजवीकडे. तिला आधी कडेला बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे. मग आपण समोर उभं राहायचं, आपल्या गुडघ्यांनी तिचा डावा गुडघा अडवायचा म्हणजे तो मुडपत नाही. कमरेला पट्टा बांधायचा आणि पट्ट्याला धरायचं, बगलेत हात घालून ओढायचं नाही. पक्षाघातात तो खांदा सैल पडलेला असतो, ओढला की निखळतो. "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि तिनं स्वतः पुढं वाकून उठायचं. आपण फक्त साथ द्यायची. कपडे घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. ब्लाउज-साडी सुटली, पुढून बटणं असलेले गाउन शिवून घेतले. घास उजव्या बाजूनं द्यायचा, बसवूनच द्यायचा आणि जेवणानंतर गालात डावीकडे काही राहिलं नाही ना ते बोटानं बघायचं. पहिल्या दिवसांत रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे पाठीला जखम होत नाही. गजर लावून उठायचो. हिला वाटायचं आपल्यामुळं ह्यांची झोप मोडते, आणि ती जागी असून डोळे मिटून पडायची. मला कळायचं.

पॉलिसीत अपवादांच्या यादीत एक कलम आहे, क्रमांक 'एक्स्ल-०५'. सगळ्या कंपन्यांत शब्द तेच, कारण ते प्रमाणित केलेलं कलम आहे. विश्रांतीसाठी, पुनर्वसनासाठी दाखल होणं आणि देखभाल करणाऱ्याला सुटी मिळावी म्हणून पेशंटला दुसरीकडे ठेवणं, याला पैसे नाहीत. आणि घरी किंवा शुश्रूषा केंद्रात आंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडवणं-फिरवणं अशा रोजच्या गोष्टींत केलेली मदत, ती प्रशिक्षित नर्सनं केली तरी आणि साध्या माणसानं केली तरी, धरली जाणार नाही. मी हे कलम वाचलं तेव्हा माझा सकाळी सहापासूनचा दिवस त्यात ओळीनं लिहिलेला होता. पाच लाखांची पॉलिसी आहे, पण घरात चोवीस तास जे चाललंय ते विम्याच्या दृष्टीनं घडतच नाही. कंपनीला यासाठी मी दोष देत नाही, कलम सगळ्यांना सारखं आहे. पण हे बदलायला पाहिजे, असं मी ठाम म्हणतो. म्हातारं जोडपं घरात पेशंट नीट सांभाळतं म्हणून तो पुन्हा हॉस्पिटलात जात नाही आणि कंपनीचा पुढचा क्लेम वाचतो. त्या कामाला महिन्याला चार पैसे द्यायला काय हरकत आहे?

मदतीला मावशी ठेवल्या. ब्युरोकडून बारा तासांच्या ६०० रुपये रोज, चोवीस तासांच्या १,१००. महिन्याचा गुणाकार तुम्हीच करा. आम्ही सकाळचे चार तास ठेवले, आंघोळीपुरते, ते थेट ओळखीतून ठरवले. पहिल्या मावशी हिला "आजी" म्हणून लहान मुलासारखं बोलायच्या, हिला ते आवडायचं नाही. आताच्या मावशी कुपवाडच्या, "काकू, आज केस धुवायचे का?" असं विचारून मग हात लावतात. या एका प्रश्नानं हिच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो मी रोज बघतो. मावशी निवडताना पगाराआधी हे बघा.

वॉकर आणि कमोड चेअर आम्ही मिरजेतून घेतली. ज्यांचं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे आणि वय ६५ किंवा जास्त, त्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. आम्ही त्यात बसलो नाही, पण गल्लीतल्या एकांचा अर्ज मी भरून दिला.

मग ऑगस्टमध्ये माझा जुना हर्निया वाढला आणि ऑपरेशन करावंच लागलं. पॉलिसीचं काम व्यवस्थित झालं. हर्निया, मोतीबिंदू, गुडघे अशा ठरावीक आजारांना आमच्याकडे पहिली दोन वर्षं संरक्षण नव्हतं, ती मुदत गेलेली. ठरवून केलेलं ऑपरेशन असल्यानं मंजुरी दोन दिवस आधीच आली. क्लेमबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

प्रश्न क्लेमचा नव्हताच. मी हॉस्पिटलात, तर हिचं कोण करणार? फ्लोटर पॉलिसीत दोघं एकत्र आहेत, कागदावर एकच कुटुंब. पण एकानं दुसऱ्याला सांभाळायचं असताना सांभाळणाराच आडवा झाला तर काय, याचा त्या सबंध कागदपत्रात विचार नाही. चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या, हिची धाकटी बहीण तासगावहून येऊन राहिली, लेक रजा टाकून आली. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलेली, म्हणजे घरी आल्यावरही हिला उठवायचं नाही. त्या काळात मावशींवर झालेला खर्च माझ्या ऑपरेशनच्या आमच्या वाट्याच्या रकमेपेक्षा जास्त होता. बिल कुठंच लावता आलं नाही.

यातून एक उपयोगाची गोष्ट हाती लागली, ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो. 'हॉस्पिटल कॅश' नावाचं संरक्षण मिळतं, काही पॉलिसींना जोडून, काही स्वतंत्र. तुम्ही दाखल असाल तितक्या दिवसांचे ठरलेले पैसे रोजाप्रमाणे मिळतात, आणि ते कशावर खर्च केले ते कंपनी विचारत नाही. ते पैसे मावशींना देता येतात. लोक हे घेताना जो जास्त आजारी आहे त्याच्या नावानं घेतात. जोडप्यात जो दुसऱ्याचं करतो, त्याच्या नावानं आधी घ्या. दाखल असतानाच मिळतं, नंतरच्या विश्रांतीच्या दिवसांचं नाही, पहिला दिवस बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, आणि वयाची अट असते, तेव्हा साठीच्या आसपासच बघा. मला ७३ व्या वर्षी ते शोधायला फार फिरावं लागलं.

दुसरी गोष्ट मोबाइलची. पॉलिसीचा प्रपोजर, म्हणजे ज्याच्या नावानं ती घेतली तो, मी, म्हणून ओटीपी माझ्या फोनवर. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी कंपनीचा ओटीपी आला तेव्हा फोन मेहुणीच्या पिशवीत आणि मी आत. लेकीचा नंबर आणि ईमेल आधीच नोंदवलेला होता म्हणून निभावलं. शेजारच्या वैनींचे मालक प्रपोजर, त्यांनाच झटका आला, वाचा गेली, फोन बोटाच्या ठशावर उघडणारा आणि तो हात निकामी. वैनींना पॉलिसीचा नंबरसुद्धा माहीत नव्हता. घरातले सगळे कागद आणि नंबर दोघांनाही माहीत पाहिजेत, आणि ज्या खात्यात क्लेमचे पैसे येतात ते दोघांचं, कोणालाही एकट्याच्या सहीनं काढता येईल असं पाहिजे. आमचे कागद प्लॅस्टिकच्या बंद डब्यात असतात. २०१९ च्या पुरात गावभागातल्या घरांत पाणी शिरलं तेव्हा ही सवय लागली.

प्रीमियमचं सांगतो. नोव्हेंबर २०२४ चा मूळ प्रीमियम ५२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,३६०, एकूण ६१,३६०. जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयनं ठरवून दिलं की ६० वर्षांवरच्या लोकांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीनं आधी आयआरडीएआयशी बोलायचं. त्यामुळं असेल, नोव्हेंबर २०२५ ला तो ५७,००० झाला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला, म्हणजे एकूणही ५७,०००च. गेल्या वर्षापेक्षा ४,३६० कमी. दोन क्लेम घेऊनही नूतनीकरणाला कोणी आडकाठी केली नाही. क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, तसा नियमच आहे. तरीही आमच्यासारख्या घरात ५७,००० म्हणजे मोठी रक्कम. वर्षभर वेगळं आवर्ती खातं चालवतो तेव्हा जमतं.

साहजिकच लोक विचारतात, सरकारी कार्ड असताना एवढे पैसे कशाला? सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून. वर्षाला पाच लाख, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आधारवरूनच होतं, मी माझं काढलंय आणि सगळ्यांनी काढावं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या वर असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून आहेत. आणि वय प्रत्येकाचं स्वतःचं बघतात. माझ्या कार्डाचा हिला उपयोग नाही, ती अजून सत्तरीची नाही. हिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, ती आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, पाच लाखांपर्यंत. तिथं उपचारांची ठरलेली यादी असते आणि हॉस्पिटल त्या योजनेत असावं लागतं. दारातच आरोग्यमित्राचा टेबल असतो, नाहीतर १५५३८८ वर विचारा. झटक्याच्या सकाळी मी यादी बघत बसलो नसतो, जवळचं चांगलं हॉस्पिटल गाठलं असतं. म्हणून माझ्या मते दोन्ही असावं. ज्यांना ५७,००० झेपणारच नाहीत त्यांनी मनाला लावून घेऊ नये, कार्डं काढावीत, जवळची योजनेतली हॉस्पिटलं आजच बघून ठेवावीत आणि वाचलेले पैसे मावशीसाठी बाजूला ठेवावेत. सरकारी योजनांतही घरच्या देखभालीला पैसे नाहीतच.

साठीच्या आत-बाहेर असाल आणि पॉलिसी घ्यायची असेल तर आता पूर्वीसारखी ६५ च्या पुढं बऱ्याच पॉलिसी घेताच येत नाहीत अशी अडचण नाही. एप्रिल २०२४ पासून कंपन्यांनी सर्व वयांसाठी पॉलिसी ठेवायची आहे. आधीच्या आजारांची थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवली असं म्हणून क्लेम अडवता येत नाही, ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाली तरच. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. त्या ३० दिवसांत अपवादांचं पान दोघांनी मिळून, मोठ्यानं वाचा.

गुण द्यायचेच तर क्लेमला पाचपैकी चार, डिस्चार्जला दोन, तक्रारीच्या उत्तराला तीन. घरच्या देखभालीला शून्य, आणि ते शून्य सगळ्याच कंपन्यांना. यंदा नूतनीकरणाला एजंट आले तेव्हा मी त्यांच्याकडे लेखी पत्र दिलं, कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयासाठी. मागणी साधी आहे. फ्लोटरमध्ये देखभाल करणारा जोडीदार दाखल झाला तर तेवढे दिवस घरच्या पेशंटसाठी मावशीचे पैसे द्या, हवं तर त्यासाठी जास्तीचा प्रीमियम घ्या. एजंट म्हणाले, "काका, असं पत्र पहिल्यांदाच बघतोय." मी त्यांना कोरी प्रत दिली आहे, त्यांच्या यादीतल्या साठीवरच्या प्रत्येक जोडप्याला दाखवायला. पोच आली आहे, उत्तर यायचं आहे.